हाडावरची खूण आणि तगलेला माणूस



 प्रागैतिहासिक माणसाचे सांगाडे आणि त्याचे आरोग्य हा पुण्यात भरलेल्या आपल्या परिषदेचा विषय, आणि या विषयाशी पुण्याचे नाते जुने आहे. 1940 च्या दशकात डेक्कन कॉलेजातून हसमुख सांकलिया आणि इरावती कर्वे गुजरातेतील लांघणजला गेले आणि तिथल्या वाळूच्या टेकाडातून मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे बाहेर आले. पुढे 1968 ते 1983 या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावचे उत्खनन झाले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या त्या कामातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, धान्य, पाटबंधाऱ्याचे अवशेष आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले त्यांत सर्वाधिक होती. यजमान म्हणून आम्ही आपल्यापुढे ठेवू शकतो ते वैभव हेच.

सांगाडा सापडला की पूर्वी पहिला प्रश्न असे, हा कोणत्या वंशाचा? कवटीची लांबी-रुंदी मोजून उत्तर दिले जाई आणि त्या उत्तरावर माणसांच्या स्थलांतराचे मोठमोठे इमले उभे राहत. आज आपण विचारतो, हा माणूस काय खात होता, कशाने आजारी पडला, किती वर्षे जगला? प्रश्न बदलला की तेच हाड वेगळी साक्ष देते, याचे सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडो हे ठळक उदाहरण. तिथल्या गल्ल्यांत अस्ताव्यस्त सापडलेल्या सांगाड्यांवरून पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी आर्यांच्या हल्ल्याची आणि कत्तलीची कल्पना मांडली. जॉर्ज डेल्स यांनी 1964 मध्ये हे सांगाडे एकाच काळातले नाहीत हे दाखवून तिला आव्हान दिले. नंतर केनेथ केनेडी यांनी हाडे तपासली, तेव्हा बहुतेकांवर शस्त्राच्या जखमा नव्हत्याच. ज्या मोजक्या खुणा होत्या, त्यांतली एक जखम तर माणूस मरण्यापूर्वीच भरून आलेली होती.

भरून आलेली जखम हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. हाडावर खूण उमटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणूस जिवंत असावा लागतो. पटकी, न्यूमोनिया किंवा तीव्र ताप काही दिवसांत माणूस नेतो आणि हाडाला स्पर्शही करत नाही. उलट बालपणी उपासमार किंवा मोठे दुखणे झाले की दातावरचे एनॅमल काही काळ नीट तयार होत नाही आणि तिथे आडवी रेघ राहते. ती रेघ मोठ्या माणसाच्या दातावर दिसली, तर ते मूल त्या दुखण्यातून वाचले असे ठरते. म्हणून हाडांत मुख्यतः तगण्याची नोंद असते. प्रागैतिहासिक आरोग्याचा इतिहास लिहायचा तर आधी हे मान्य करावे लागेल, कारण ते न मानल्यास निष्कर्ष उलटेच निघतात. जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये हाच इशारा दिला. स्वच्छ हाडांचा सांगाडा निरोगी माणसाचा असेल किंवा पहिल्याच आजारात दगावलेल्या अशक्त माणसाचा. खुणांनी भरलेला सांगाडा कदाचित त्या वस्तीतल्या सर्वांत चिवट माणसाचा असेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग हाडांवरून काहीच सांगता येत नाही. मला तसे वाटत नाही. एकट्या खुणेवर निकाल देता येत नाही, एवढेच या इशाऱ्यातून सिद्ध होते. तीन-चार स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले की निकाल भक्कम होतो. गंगेच्या खोऱ्यात, प्रतापगड जिल्ह्यातल्या सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा इथल्या मध्याश्मयुगीन शिकारी-संकलकांच्या दातांना कीड फारच कमी आढळली. धान्यावर जगणाऱ्या हडप्पा आणि इनामगावसारख्या वस्त्यांत ती अधिक दिसते. पिठूळ अन्न दातांत अडकते, हे कारण उघड आहे. पण एवढ्यावरून शेतीने माणसाचे आरोग्य बिघडवले असे म्हणणे घाईचे ठरेल. दातांची कीड आहार सांगते, पण आयुष्याची लांबी सांगत नाही.

इनामगावची मुले या ठिकाणी मदतीला येतात. लहान मुलाचे वय दातांच्या वाढीवरून बऱ्यापैकी ठरते, कारण उपासमारीचा परिणाम दातांच्या वाढीवर कमी होतो. हाडांची लांबी मात्र भुकेने खुंटते. दोन्ही मापे शेजारी ठेवली की वयाच्या मानाने मूल किती मागे पडले होते ते कळते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन मुलांवरील आपल्या 2011 च्या ग्रंथात अशा मापांतून उत्तर जोर्वे, म्हणजे तिथल्या ताम्रपाषाणयुगाच्या अखेरच्या काळातील मुलांची ओढाताण दाखवली. त्याच काळात, इसवी सनापूर्वी 1000 नंतर, इनामगावात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. मुलांची हाडे आणि घरांचे पाये एकच गोष्ट सांगू लागले, की तिच्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. कारण दुष्काळ की आणखी काही, हा वाद मग चालू राहो.

दुसरा आक्षेप नमुन्याचा आहे. आपल्या उष्ण हवेत हाड कमी टिकते आणि प्राचीन डीएनए तर त्याहून कमी. हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरचे 61 नमुने तपासले, तेव्हा एका स्त्रीचा उपयोगी डीएनए हाती आला आणि त्यावरचा निबंध 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एका व्यक्तीवरून लोकसमूहाची टक्केवारी काढता येत नाही, हे खरेच. पण अमुक गोष्ट त्या काळी होती का, या प्रश्नाला एक सांगाडाही पुरतो. उदयपूरजवळच्या बालाथल इथे सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा सापडल्या. 2009 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि भारतातील या रोगाचा हाडांतील पुरावा एकदम मागे गेला. कुष्ठरोग हाडापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात, म्हणजे तो माणूस रोग घेऊन वर्षानुवर्षे जगला. त्याची शुश्रूषा झाली की त्याला वाळीत टाकले, हे हाड सांगणार नाही. ते ठामपणे सांगण्याचा मोहही आपण टाळावा.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. मेलेल्याला उकरून मोजणे हा अनादर नव्हे काय? माझे उत्तर असे, की सांगाडा काढून पेटीत विसरून जाणे हा अनादर आहे. ज्यांच्याविषयी एक ओळ कुणी लिहून ठेवली नाही, त्या शेतकऱ्याची, आईची, दोन वर्षांच्या मुलाची हकिगत सांगण्याचे दुसरे साधन आपल्याजवळ नाही. मात्र काढलेले हाड नीट जपावे, त्याची मोजमापे वयोगटानुसार पूर्णपणे प्रसिद्ध करावीत आणि नमुना कापण्याआधी तो कशासाठी हे लिहून ठेवावे, एवढे बंधन आपण स्वतःवर घातले पाहिजे.

हाडांची जपणूक, मोजमापांची प्रसिद्धी आणि नमुन्याची पूर्वनोंद या तिन्ही बाबींवर परिषदेने ठराव करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे. उत्खनन करणारा आणि हाड वाचणारा दंतवैद्य किंवा अस्थितज्ज्ञ पहिल्या दिवसापासून एकाच खड्ड्यापाशी उभे असावेत, हेही त्यात यावे. व्यवस्थेत काही उणे राहिल्यास ते आमचे समजावे. चर्चेत मात्र कुणी कुणाला सवलत देऊ नये.