उंची नको, जमीन मोजा

गिनी पिग खातो काय, तो किती भित्रा असतो, त्याला अंघोळ घालायची की नाही, हे तो घरी आणणाऱ्याला बहुधा ठाऊक असते. तेवढे दुकानदारही सांगतो. घराचे मात्र तो हमखास चुकीचे सांगतो, आणि म्हणून आजची सगळी मिनिटे त्या घरावरच खर्च होणार आहेत.

दुकानात जोडी पसंत पडली की शेजारचा पिंजरा खाली उतरतो. दोन मजली, मध्ये जाळीचा जिना, वर पितळी कडी. दिसायला ऐटदार. मुळात तो पाखरांसाठी किंवा हॅमस्टरसाठी केलेला असतो. पाखराला उंची लागते, हॅमस्टरला चढायची खोड असते. गिनी पिग चढत नाही आणि उंच उडीही मारत नाही. तो पळतो. भिंतीच्या कडेने सरळ, कोपऱ्यावर वळून पुन्हा सरळ. फारच खुशीत आला तर जागच्या जागी चारही पाय उचलून उसळतो, तेवढेच. म्हणून पहिली गोष्ट, आणि खरे तर दुसरी व तिसरीही तीच: घर निवडताना उंची बघू नये, जमीन मोजावी.

किती मोजावी? अमेरिकेतली, २०२५ पर्यंत ह्यूमेन सोसायटी या नावाने ओळखली जाणारी संस्था दोन प्राण्यांसाठी कमीत कमी साडेसात चौरस फूट सांगते, म्हणजे ३० इंच गुणिले ३६ इंच. साडेदहा असतील तर अधिक बरे. पुष्कळांना हे जास्त वाटते. तिथल्याच प्रयोगशाळांसाठीच्या नियमावलीत मोठ्या गिनी पिगला १०१ चौरस इंच पुरे धरले आहेत, हे खरे. पण ती प्रयोगापुरती किमान मर्यादा आहे, पाच-सात वर्षे घरात राहणाऱ्या प्राण्याचे ते माप नव्हे. नियमावलीप्रमाणे दोघांचे मिळून २०२ चौरस इंच होतात. साडेसात चौरस फूट म्हणजे १०८०. पुढचा हिशेब श्रोत्यांनी करावा.

आणि हे लाडही नव्हेत. ज्या अँडीज पर्वतात हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी माणसाळला, त्या पेरू-बोलिव्हियातल्या डोंगरी खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर चुलीच्या आसपास मोकळाच फिरत आला आहे. तिथे तो खाण्यासाठी पाळतात, कौतुकासाठी नव्हे. तरी जमीन मिळते त्याला! आपल्याकडे कौतुकाने आणतात आणि खोक्यात ठेवतात.

तेलंगणातल्या, आदिलाबादकडच्या बेज्जूरला बदली होऊन आलेले गुरुजी भाड्याची खोली कशी पाहतात, ते आठवावे. घरमालक म्हणतो, छत बघा, केवढे उंच! गुरुजी मान हलवतात आणि खाली बघतात. दोन खाटा मावतील का? मग विचारतात, वर कवेलू आहेत की टिन? दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येते? सांदवाडीकडे दुसरे दार आहे का? मोरी चुलीपासून लांब आहे ना? नेमके हेच प्रश्न गिनी पिगच्या वतीने आपण विचारायचे. दुसऱ्या दाराचा तर नक्कीच. लपायच्या खोपटाला एकच तोंड असले की दांडगा नर तिथे बसून राहतो आणि दुसरा आत कोंडला जातो. घरात फुटका माठ असेल तर टाकू नये. खापराचा मोठा तुकडा पालथा घातला की दोन्ही बाजू उघड्या राहतात, वर मातीचा गारवाही मिळतो. कडा तेवढ्या कानशीने घासून घ्याव्यात. मोरीच्या बाबतीत मात्र गुरुजी आणि गिनी पिग यांचे जमत नाही. गिनी पिग गवत खाता खाताच लेंड्या टाकतो. त्याची चूल आणि मोरी एकाच कोपऱ्यात! तेव्हा गवताची जाळी जिथे टांगायची तिथेच खाली जाड कागद घालावे आणि ते रोज बदलावे. बाकी घर पुष्कळ कोरडे राहते. आणि हो, गुरुजी वर्षभर एकटे राहू शकतील, गिनी पिग नाही. कळपाचा जीव आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून तो एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे.

आता मुंबईतली एक गोष्ट. गिनी पिगच्या घराचा एवढा बारकाईने विचार आपल्या देशात क्वचितच झाला असेल, आणि तो झाला प्लेगमुळे. परळला, जिथे पुढे १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव लागले, तिथे १९०५-०६ च्या सुमारास प्लेग आयोगाच्या डॉक्टरांनी मुद्दाम सहा छोट्या खोल्या बांधल्या. काहींवर साधी देशी कौले, ज्यांत उंदीर बिनधास्त राहतात. काहींवर मंगलोरी कौले. काहींवर पत्रा, जिथे उंदराला थारा नाही. आत जमिनीवर गिनी पिग सोडले. जिथे पिसवा होत्या तिथे प्लेग पसरला. जिथे पिसवा नव्हत्या तिथे निरोगी आणि आजारी प्राणी एकत्र राहूनही पसरला नाही. मग काही गिनी पिग पिंजऱ्यात घालून टांगले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले आजारी पडले. दोन फूट उंच टांगलेले वाचले. कारण उघड होते, पिसूची उडी तिथवर पोचत नव्हती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, या निष्कर्षाला मुंबईतल्या त्या प्रयोगांचा मोठा आधार मिळाला. त्यासाठी कितीतरी गिनी पिग मेले, हेही सांगायला हवे.

ते दोन फूट लक्षात ठेवावेत. घर रुंद हवे, पण भुईवर टेकलेले नको. बेज्जूरसारख्या जंगलाकाठच्या गावात वाघाची धास्ती गुरांना. गिनी पिगचे वैरी छोटे. मांजर, मुंगूस, घूस, धामण. आणि मुंग्या, ज्यांना कोणी मोजत नाही. सोपा उपाय घरातच असतो: अडगळीतला जुना दिवाण. तीन फूट गुणिले सहा फूट, म्हणजे अठरा चौरस फूट जमीन, तीही बसल्या जागी! उंची दीडच फूट असेल तर पायांखाली विटा द्याव्यात. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांचा प्रश्न मिटला. भोवताली दीड फुटी फळ्यांची भिंत, वर अर्ध्या इंचाच्या जाळीचे झाकण. जाळी फक्त वर आणि बाजूला. पायाखाली जाळी कधीही नको. गिनी पिगच्या तळव्यांना केस नसतात. तारेवर राहून तळवे सोलतात, सुजतात, त्यांत पू होतो, आणि हा आजार बरा करणे फार जिकिरीचे असते. जुन्या गोधड्यांचे तुकडे खाली अंथरावेत आणि दोन-तीन दिवसांनी धुवावेत. आरामशीनवरचा सागाचा भुसा फुकट मिळतो, पण तो फार बारीक असतो. त्याची धूळ नाकात जाते, आणि या प्राण्याची छाती नाजूक. तो नकोच.

उकाड्याचे काय? त्याला सोसते १८ ते २४ अंशांचे हवामान. त्याला घाम येत नाही, आणि तिशीच्या पुढे तो उष्माघाताने दगावू शकतो. आपला मे महिना ४५ अंशांच्या आसपास फिरतो. परळच्या पत्र्याखाली उंदीर नव्हते, पण बेज्जूरच्या पत्र्याखाली दुपारी गिनी पिगही जगायचा नाही. म्हणून घराचा दिवाण आतल्या खोलीत, कवेलूखाली, उत्तरेच्या भिंतीला. त्यात एक शहाबादी फरशी ठेवावी. तो आपोआप तिच्यावर येऊन पसरतो. बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. कुलर खोलीत चालेल, त्याचा झोत अंगावर नको. इथेही जमिनीचेच काम पडते बरे का. जागा लांबरुंद असेल तरच प्राणी एका टोकाच्या उकाड्यातून दुसऱ्या टोकाच्या गारव्यात जाईल. खोक्यात जाणार कुठे? डिसेंबरात नेमके उलटे. आदिलाबादची थंडी सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा...

निवेदकांनी हात वर केला आहे. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते तो भाग राहिला, शेवग्याचा पाला किती द्यायचा तेही राहिले. एकच घाईने. दोन माद्या म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघणे ही काही नवलाची गोष्ट नाही. मग सुमारे दोन महिन्यांत पिले होतात, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात आणि त्याच दिवशी पळू लागतात. त्यांतले नर तीन आठवड्यांत आईपासून वेगळे काढावे लागतात. त्यांच्यासाठी दुसरे घर लागेल, आणि त्याचेही माप तेच: ३० गुणिले ३६, त्याहून कमी नाही.