न छेडलेला गंधार



नवं वाद्य घेणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात. त्याचा आवाज गोड हवा आणि ते हाताला सोपं हवं. गिटार घ्यायला गेलेली मुलं तारा पट्टीपासून किती उंच आहेत ते आधी पाहतात, कारण तारा उंच असल्या की बोटं सोलून निघतात. तंबोऱ्याच्या बाबतीत मात्र आपण असा विचारच करत नाही. चार तारा, त्यांना एक बोट लावायचं, त्यात अवघड काय?

माझी भाची गाणं शिकते. तिच्यासाठी मिरजेहून नवा तंबोरा आणायचं ठरलं. मी कवितेचा माणूस, गाण्यातला नव्हे. पण कानाला उत्सुकता होती म्हणून बरोबर गेलो. तिथे ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं आज सांगतो.

पहिला प्रश्न आला, "पट्टी कोणती?" काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा मोठा, त्याच्या तारा जाड. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या मुलीचा तंबोरा त्याहून लहान, तारा बारीक. चपलेचं माप घ्यावं तसं आधी गळ्याचं माप घेतात. मग मांडीवर किंवा पुढ्यात धरून तो पेलतो का, छेडताना बोट पुढच्या तारेवर सहज उतरतं का, खुंट्या पिळल्या जागी थांबतात का, हे पाहायचं. गाणाऱ्याचं लक्ष सुरात हवं. हात तारा शोधत राहिला तर गाणं तिथेच अडतं.

आता आवाज. भोपळा, दांडी, तबली हे सगळं नीट असलं तरी तंबोरा बोलतो तो घोडीवर. तारा जिच्यावरून जातात ती रुंद पट्टी म्हणजे घोडी. ही सपाट नसते. कानशीने घासून तिला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यातून जो झणकारयुक्त नाद उठतो, त्याला जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. केसभर पुढे-मागे केला की बंद आवाज खुलतो. उतार किती द्यायचा याचं माप कागदावर नाही. कारागीर घासतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो.

या घोडीने सर सी. व्ही. रामन यांनाही विचारात पाडलं होतं. 1921 साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तार ठरावीक जागी छेडली तर काही उपस्वर तिच्यातून उमटू नयेत, असा ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं आणि त्याचं कारण रुंद, उताराच्या घोडीत शोधलं. म्हणूनच जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. चार तारांत एकही गंधाराची नसते. कुणी न छेडलेला तो स्वर आपण होऊन येतो. चांगल्या कवितेत न लिहिलेला शब्द ऐकू यावा, तसाच.

हे मिरजेतच का? तिथले मूळचे कारागीर शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात हत्यारांची मागणी आटली आणि 1850च्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगाराचा हात वाद्यांकडे वळला. आज तिथल्या कित्येक घरांचं आडनावच सतारमेकर आहे. पंढरपूरच्या बाजूचा कडू भोपळा, तून नावाचं लाकूड आणि लाखेचं पॉलिश यांतून त्यांनी घडवलेल्या तंबोऱ्यांवर देवळांत भजनं झाली, मैफलींत ख्याल झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. वाद्यदुरुस्तीतही त्यांचा हात चालत असे. 1937 साली ते गेले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत शिकले, पुढे आपल्या नाशिकात रामनामाचा आश्रम काढून राहिले आणि 1931 साली त्यांचा शेवट मिरजेतच झाला. माझ्या घरात दखनी बोलतात आणि मी लिहितो मराठीत. हे कसं जमतं, असं लोक विचारतात. तंबोऱ्याला असं कुणी विचारत नाही, याचं मला बरं वाटतं.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखलं गेलं. पण हात राखायचा तर काम हवं. 1979 साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आता तर तो मोबाईलमध्येच असतो. प्रवासात, एकट्याच्या रियाजाला त्याची मोठी सोय आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण बटण दाबलं की सूर तयार मिळतो. लाकडी तंबोरा रोज आधी जुळवावा लागतो. खुंटी पिळा, मणी सरकवा, जोडीच्या दोन तारा एक होईपर्यंत थांबा. त्या दहा मिनिटांत कान घडतो. ती दहा मिनिटं गेली तर पुढे जवारी बरी की वाईट हे ओळखणारा कान राहणार नाही. आणि ऐकणाराच नसेल, तर कारागिराच्या मुलाने कानशी हातात का घ्यावी?

भाचीचा तंबोरा पहिले काही दिवस रुसलेला होता. नाशिकची थंडी कोरडी, लाकूड आकसतं, खुंट्या घसरतात. त्यांना खडू लावला. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून हलेनात. नव्या वाद्याला घरची हवा मानवायला वेळ लागतो, सुनेला माहेर विसरायला लागतो तसा. वापराने तारांच्या चऱ्या घोडीवर पडतील, मग जवारी पुन्हा काढून घ्यावी लागेल. हा खर्च आधीच धरून चालावं.

श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी गाणं शिकत असेल आणि ऐपत असेल, तर एकदा कारागिरापुढे बसून तंबोरा घ्या. गाणाऱ्याला बरोबर न्या, त्याच्याच पट्टीत जुळवून मागा. नक्षी नंतर पाहा. डोळे मिटून खर्जाची तार छेडा आणि गंधार येतो का, तेवढं ऐका. आला, तर पैशांची घासाघीस फार करू नका.