लाटेतून काय येते?



नारळी पौर्णिमेला आपले कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात. तो नारळ लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे पडला, तर त्याच्यावर थोडा वेळ नजर ठेवा. लाटेचा उंचवटा जवळ आला की नारळ वर चढतो आणि किनाऱ्याकडे सरकतो. उंचवटा निघून गेला की खाली उतरतो आणि समुद्राकडे मागे जातो. एक गोल पुरा करून तो जवळजवळ होता तिथेच येतो. फरक पडतो तो किंचित, पुढच्या दिशेने. लाट मात्र केव्हाच पुढे गेलेली असते. नारळाभोवतीचे पाणीही असेच गोल फिरत असते. पृष्ठभागावर या वर्तुळाचा व्यास लाटेच्या उंचीइतका भरतो. खाली जावे तसा तो झपाट्याने आक्रसतो आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर जेमतेम ४ टक्के उरतो.

पाणी जागच्या जागी फिरते, तर मग खडकावर आदळते ते काय? ती ऊर्जा आहे आणि तिचा उगम बहुतेकदा फार दूर असतो.

हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, ४० ते ६० अंश दक्षिण अक्षांशांत, वाऱ्याला अडवणारी जमीन जवळजवळ नाही. तिथली वादळे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पाणी घुसळतात आणि वाऱ्याची ऊर्जा लाटांत उतरते. वादळ मागे राहते, लाटा निघतात. खोल पाण्यात ज्या लाटेचा आवर्तकाल, म्हणजे दोन शिखरांमधला वेळ, जास्त, ती अधिक वेगाने धावते. इथे एक गंमत आहे आणि ती तळ्यात दगड टाकून पाहता येते. पसरणाऱ्या कड्यांच्या मागच्या बाजूला नव्या लाटा उगवतात, कड्यांमधून पुढे जातात आणि पुढच्या कडेला विरतात. लाटांचा समूह एकेका लाटेच्या निम्म्याच वेगाने जातो. ऊर्जेचा वेग तोच. १६ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी सुमारे ४५ किलोमीटरने सरकते. ५० अंश दक्षिणेहून रत्नागिरीच्या अक्षांशापर्यंतचे सात हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापायला तिला आठवडा लागतो.

एवढ्या वाटेत ती संपत कशी नाही? १९६३ मध्ये वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रे मांडून दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटांचा पॅसिफिकभर माग काढला. वादळाच्या परिसराबाहेर पडल्यावर लांब लाटांची ऊर्जा फारच थोडी घटते, असे त्यांना आढळले. लाट पसरते, म्हणून तिची उंची कमी होते. पण घर्षणात ती फारसे गमावत नाही. मला हा प्रयोग विसाव्या शतकातल्या सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

आता हिशेब करू. लाटेची उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते, कारण दुप्पट पाणी दुप्पट उंच उचललेले असते. हे बहुतेकांच्या लक्षात राहते. आवर्तकाल मात्र आपण विसरतो. खोल समुद्रात १ मीटर उंचीची, ६ सेकंदांची नियमित लाट दर मीटर रुंदीमागे सुमारे ६ किलोवॉट शक्ती वाहून नेते. तेवढ्याच उंचीची, १८ सेकंदांची लाट सुमारे १८ किलोवॉट नेते. होडीतून दोन्ही सारख्याच दिसतील. किंबहुना १८ सेकंदांची लाट जाणवणारही नाही, कारण तिची तरंगलांबी सुमारे ५०० मीटर असते.

उथळ पाण्यात हा फरक उघडा पडतो. ६ सेकंदांच्या लाटेला तळ लागतो ३० मीटरच्या आत. १८ सेकंदांच्या लाटेला २५० मीटरवरच. तळ लागला की लाटेची लांबी घटते, वेग मंदावतो. मागून येणारी ऊर्जा तर तेवढीच येत राहते, म्हणून किनाऱ्याजवळ लाट उंच होते, आणि लांब लाट जास्त उंच होते. २००४ च्या त्सुनामीत याचेच टोकाचे रूप दिसले: भर समुद्रात उपग्रहाने मोजलेली तिची उंची एक मीटरच्या आसपासच होती.

केरळच्या किनाऱ्यावर निरभ्र आकाशाखाली, वारा नसताना समुद्र घरांत शिरतो. तिथले मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात. दक्षिणेतून आलेल्या अशाच लांब लाटा त्यामागे असतात, आणि त्या महाराष्ट्र-गोव्यापर्यंतही येतात. हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र त्यांचे इशारे देते. त्यात उंचीशेजारी सेकंदही छापलेले असतात. आकाश स्वच्छ आहे, उंची एक-दीड मीटरच आहे, पण सेकंद १६ ते २० आहेत, असे वाचलेत तर होड्या किनाऱ्यावर वर ओढून ठेवा, त्यांच्यात पुरेसे अंतर राखा आणि मुलांना पाण्याच्या कडेला जाऊ देऊ नका.