देव : तो, ती की ते?



आपल्या मराठी भाषेत कोणत्याही नामाचा उच्चार करताच त्याचे लिंग ठरवावे लागते. फळीवर ठेवलेली वस्तू एकच. तिला ग्रंथ म्हटले की ती पुल्लिंगी होते, पोथी म्हटले की स्त्रीलिंगी आणि पुस्तक म्हटले की नपुंसकलिंगी. वस्तूत मात्र काडीचाही फरक पडलेला नसतो. लिंगविचार शिकविताना हे उदाहरण मी वर्गात नेहमी घेते आणि मुलांना ते चटकन पटते. परंतु हाच न्याय दुसऱ्या एका शब्दाला लावला की मोठी माणसेही विचारात पडतात. देव पुल्लिंगी, देवता स्त्रीलिंगी, दैवत नपुंसकलिंगी. तिन्ही शब्दांचे कूळ एकच. मग या शब्दांनी आपण ज्याला आळवतो तो 'तो' आहे, 'ती' आहे की 'ते' आहे? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. ज्या घरात बाप रोज दारू पिऊन येतो आणि आईवर हात उगारतो, त्या घरातील मुलीला आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो की देव तुझा बाप आहे. ती मान डोलावते. पण त्या शब्दाने तिच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहत असेल? उलट, देव म्हणजे कोणीतरी थोर पुरुष अशी समजूत घेऊन वाढलेला मुलगा नकळत असेही शिकतो की आपण देवाच्या जवळचे आणि आपली बहीण एक पायरी खालची. दोघांचीही समजूत चुकीची आहे, आणि ती दूर करणे हे घराचे, शाळेचे आणि देवळाचेही काम आहे.

हुबळी-धारवाडात राहणाऱ्या आपणा मराठी भाषकांना या बाबतीत एक सोय आहे. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत असल्यामुळे, लिंग वस्तूत नसून पुष्कळदा भाषेत असते हे आपणांस अनुभवाने ठाऊक असते. कन्नडमध्ये पुस्तक, झाड, दगड सारे नपुंसकलिंगी. पुल्लिंग व स्त्रीलिंग मुख्यतः माणसांसाठी आणि देवादिकांसाठी राखलेले. देवासाठी रूढ असलेला 'देवरु' हा शब्द तर आदरार्थी अनेकवचनाचा, आणि कन्नडमधील हे अनेकवचन स्त्रीला व पुरुषाला सारखेच लागू पडते. बोलण्याच्या ओघात पुष्कळजण त्यापुढे पुल्लिंगी क्रियापद योजतात हे खरे. तथापि शब्दाच्या रूपावर पुरुषाची खूण नाही.

बायबलच्या भाषांतही हेच आढळते. देवाचा आत्मा या अर्थाचा हिब्रू शब्द 'रूआह' बहुधा स्त्रीलिंगी असतो; ग्रीकमधला 'प्न्यूमा' नपुंसकलिंगी, लॅटिनमधला 'स्पिरितुस' पुल्लिंगी, आणि आमच्या मराठी प्रार्थनेतला आत्माही पुल्लिंगीच. एकच पवित्र आत्मा जेरुसलेमहून रोमला येईपर्यंत तीन लिंगांतून गेला. बदलली ती भाषा. आत्मा होता तोच राहिला.

याविषयी निरनिराळ्या परंपरांतील ज्ञानी माणसांनी फार पूर्वी स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. श्वेताश्वतर उपनिषदात परमात्म्याला तू स्त्री आहेस, तू पुरुष आहेस असे संबोधले आहे, आणि त्याच उपनिषदात पुढे आत्मा स्त्री नाही, पुरुष नाही आणि नपुंसकही नाही असेही म्हटले आहे. कर्नाटकातील विणकर वचनकार देवर दासिमय्या यांच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशयही हाच की, देहाच्या खुणांवरून आपण स्त्री-पुरुष ठरवितो, परंतु आत वावरणारा आत्मा दोहोंपैकी कोणीच नाही. बदामीच्या पहिल्या लेण्यात सहाव्या शतकातील शिल्पकाराने अर्धनारीश्वर कोरला. जे स्त्री-पुरुषभेदाच्या पलीकडे आहे ते दगडात दाखविणार कसे? म्हणून त्याने दोन्ही रूपे एका देहात आणली. याउलट, जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकात इस्राएली लोकांना बजावले आहे की, तुम्ही देवाचे कोणतेही रूप पाहिलेले नाही, म्हणून पुरुषाची किंवा स्त्रीची प्रतिमा करून तिला देव मानू नका. एकाने मूर्ती घडविली, दुसऱ्याने मूर्तीला बंदी केली. पण देवाला एकाच लिंगात बसविता येत नाही, याविषयी दोघांचे एकमत झाले.

येथे कोणी विचारील, मग प्रभू येशूने देवाला 'अब्बा', म्हणजे बाप, असे का म्हटले? बाप हे नात्याचे नाव आहे. मुलाने निःशंकपणे ज्याच्याजवळ जावे, भाकर मागावी, चुकल्यास क्षमा मागावी, ते नाते त्या शब्दाने सांगितले आहे. शरीराची लक्षणे सांगण्याचा त्यात हेतू नाही. म्हणूनच त्याच धर्मग्रंथात आईचे नातेही संकोच न करता आलेले आहे. आई एखादे वेळी आपल्या तान्ह्याला विसरेल, पण मी तुम्हांस विसरणार नाही, अशा अर्थाचे वचन यशया संदेष्ट्याच्या मुखातून देवाने दिले. हिब्रूमध्ये करुणा आणि गर्भाशय हे दोन शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. पोप जॉन पॉल पहिले हे अवघे 33 दिवस पोपपदावर होते. त्या अल्पकाळात, 10 सप्टेंबर 1978 रोजी, त्यांनी देव पिता आहे आणि त्याहूनही अधिक माता आहे असे उद्गार काढले. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही देव स्त्री-पुरुषभेदाच्या पलीकडचा आहे, असे स्पष्ट सांगितले आहे.

येशू स्वतः पुरुष होता, हा आक्षेपही नेहमी घेतला जातो. तो पुरुष होता, यहुदी होता, सुताराच्या घरी वाढला. मनुष्य म्हणून जन्म घ्यावयाचा तर कोणत्यातरी एका कुळात, एका भाषेत आणि एका देहात घ्यावा लागतो. त्यावरून देव यहुदी आहे किंवा सुतार आहे असे आपण म्हणत नाही. मग देव पुरुष आहे असे तरी का म्हणावे?

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात येशूने ओळीने तीन दाखले दिले आहेत. हरवलेले मेंढरू शोधणारा मेंढपाळ पहिल्यात आहे, आणि उधळ्या मुलाला धावत जाऊन मिठी मारणारा बाप तिसऱ्यात. या दोघांची चित्रे आमच्या घराघरांत लागलेली दिसतात. मधल्या दाखल्यात एक बाई आहे. तिचे एक नाणे हरवले आहे. ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत शोधते. हरवलेल्या माणसाला शोधणाऱ्या देवाचेच हेही चित्र. पण हातात केरसुणी घेतलेल्या देवाचे चित्र आमच्या भिंतीवर फारसे दिसत नाही.

मराठी माणसाला ते चित्र परके वाटण्याचे कारण नाही. जनाबाईबरोबर जात्यावर दळू लागणारा विठ्ठल आपल्या परिचयाचाच आहे. चोखामेळ्याची बायको सोयराबाई अडलेली असताना विठ्ठल नणंदेचे रूप घेऊन आला आणि त्याने तिचे बाळंतपण केले, अशीही आख्यायिका आहे. त्याच विठ्ठलाला वारकरी विठाई म्हणतात, माउली म्हणतात. 'मायबाप' या आपल्या शब्दात तर माय आधी येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माता आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी आळवले, ते याच मातीत वाढल्यामुळे.

मग बाप हा शब्द टाकून केवळ आई म्हणू लागलो की प्रश्न सुटेल काय? मला तसे वाटत नाही. येथून जवळच सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्मा आहे. असंख्य भक्त तिला आई म्हणत आले; तरी त्याच आईच्या नावाने गरिबांच्या कोवळ्या मुली देवीला सोडल्या गेल्या. ती चाल थांबविण्यासाठी मुंबई प्रांतात 1934 साली आणि कर्नाटकात 1982 साली कायदे करावे लागले. दोष देवीचा नव्हे, तिचे नाव पुढे करणाऱ्या माणसांचा. आम्ही ख्रिस्ती लोकही यातून सुटलेलो नाही. मरिया ही देव नव्हे, देवाची माता. तिच्यापुढे आम्ही भक्तीने मेणबत्ती लावतो, आणि घरातली सून सर्वांच्या शेवटी उरलेसुरले जेवते तिकडे आमचे लक्ष नसते. देवाला स्त्रीचे नाव दिल्याने घरातल्या स्त्रीला आपोआप मान मिळत नाही, हे आपण दोन्हीकडे पाहिले आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. देवाला लिंग नाही. लिंग आहे ते आपल्याला आणि आपल्या भाषेला. माणसाला नाव घेतल्यावाचून हाक मारता येत नाही, तेव्हा बाप म्हणावे, माउली म्हणावे, स्वामी म्हणावे. पण त्यांतील एकच नाव खरे आणि बाकीची खोटी, असा हट्ट धरू नये. ज्या मुलीला बाप या शब्दाची भीती वाटते, तिला तो शब्द घोकायला लावण्याआधी घर झाडणाऱ्या बाईचा दाखला सांगावा. मिठी मारणारा बाप तिला पुढे, तिच्या सवडीने, कळेल. मुलग्यांना तर हा दाखला अवश्य शिकवावा, म्हणजे केरसुणी हाती घेणे हे हलके काम आहे असे त्यांना वाटणार नाही.

जे नाव घेतल्याने आपण घरातल्या दुबळ्या माणसाशी अधिक मायेने वागू लागतो, ते नाव आपल्या मुखी शोभते. जे नाव घेऊन आपण कोणाला खाली ढकलतो, ते पुल्लिंगी असो वा स्त्रीलिंगी, तेथे देवाचा मान आपण राखलेला नसतो.