राजाजी आणि परवानगीचे राज्य

मित्रहो, आणि हे व्याख्यान पुढे छापील रूपात हाती घेणाऱ्या वाचकहो,

या वर्षीच्या व्याख्यानासाठी मी चक्रवर्ती राजगोपालाचारींचे नाव सुचवले, तेव्हा आपल्या कार्यवाहांनी चष्मा काढून मला विचारले, "बडोद्यात राजाजी? सयाजीरावांच्या गावात?" प्रश्न अर्धा थट्टेचा होता. पण तयारी करू लागलो तसे माझ्या ध्यानात आले की, आजचा विषय खरे तर तोच आहे. ज्या गावाने राज्यकर्त्याच्या सक्तीची गोड फळे चाखली, त्या गावात सरकारच्या सक्तीकडे संशयाने पाहायला शिकवणाऱ्या माणसाबद्दल काय बोलावे?

आधी एका शब्दाची अडचण सांगतो. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. सनातनी म्हणावे तर सोवळे-ओवळे डोळ्यांपुढे येते, प्रतिगामी म्हणावे तर ती शिवीच होते. राजाजी या दोहोंत बसत नाहीत. त्यांच्या मुलीचे, लक्ष्मीचे, लग्न १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास यांच्याशी झाले. ब्राह्मण मुलगी आणि वैश्य मुलगा, आणि तेही त्या काळात. मद्रास प्रांताचे प्रमुख असताना, १९३९ साली, हरिजनांच्या मंदिरप्रवेशाला त्यांनी कायद्याचे पाठबळ दिले. असा माणूस स्वतःला परंपरेच्या बाजूचा का समजत होता? कारण त्यांच्या मते समाज हा सरकारहून जुना आणि सरकारहून शहाणा असतो. कुटुंब, शेत, दुकान, देऊळ, धर्मादाय संस्था या गोष्टी सरकारने जन्माला घातलेल्या नाहीत. तेव्हा त्या मोडून नव्याने घडवण्याचा हक्कही सरकारला आपोआप मिळत नाही.

हा वाद आपल्याला नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि आगरकर यांच्यात जे वाजले, ते मुळात हेच होते. सुधारणा हवी की नको यापेक्षा ती कोणी करायची, समाजाने की सरकारने, यावर टिळकांचा भर होता. अर्थात तेव्हा सरकार परके होते. राजाजींनी तोच प्रश्न स्वकीय सरकारला विचारला, आणि म्हणून तो जास्त बोचला.

१९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. तेव्हा त्यांचे वय होते ऐंशी. गव्हर्नर जनरल झालेला, केंद्रात गृहमंत्री राहिलेला, भारतरत्न मिळालेला हा माणूस घरी बसून रामायण-महाभारत लिहीत राहिला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. बरोबर मिनू मसानी, प्रा. रंगा, कन्हैयालाल मुनशी अशी मंडळी होती. 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हा शब्दप्रयोग राजाजींचा. तो इतका रुळला की तो कोणी केला हेही आपण विसरलो.

तरुण वाचकांना त्या शब्दाची धग कळायची नाही, म्हणून घरातली एक गोष्ट सांगतो. आत्याच्या लग्नाच्या वेळी आजोबा जास्तीच्या साखरेच्या परमिटासाठी कचेरीत तीन खेपा घालून आले. माणूस पेन्शनर, सरळमार्गी. तिसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा नेला, आणि परमिट मिळाले. लग्न थाटात झाले. पण आजोबांनी त्या लग्नातले श्रीखंड खाल्ले नाही, असे आजी सांगायची. साखर महाग मिळाली असती तर त्यांना इतके वाईट वाटले नसते. आयुष्यात प्रथमच आपण कोणाच्या तरी मेहेरबानीवर आहोत, हे त्यांना लागले. राजाजींचे म्हणणे नेमके हे होते. परवानगीचे राज्य माल कमी करते, हा त्याचा लहान दोष. ते माणसे बिघडवते, देणारालाही आणि घेणारालाही, हा मोठा. आणि ज्याला कारखान्याचा परवाना हवा आहे तो सत्ताधारी पक्षाला निवडणुकीत पैसा देणारच, हेही त्यांनी तेव्हाच पाहिले होते.

स्वतंत्र पक्षाचा इतिहास आपल्या या भागाशी निगडित आहे. १९६७ च्या निवडणुकीत या पक्षाला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या आणि तो तिथला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. गुजरात विधानसभेत तर १६८ पैकी ६६ जागा त्याच्या होत्या. इथे त्याची सूत्रे वल्लभ विद्यानगर उभे करणाऱ्या भाईलालभाई पटेलांकडे, म्हणजे भाईकाकांकडे होती. पाटीदारांचा 'प' आणि क्षत्रियांचा 'क्ष' जोडून 'पक्ष' होतो, हा विनोद त्या काळात गंभीरपणे सांगितला जाई. नारायण दांडेकरांसारखे आय.सी.एस. मराठी गृहस्थ जामनगरमधून याच पक्षातर्फे लोकसभेत गेले. महाराष्ट्रात मात्र पक्षाने मूळ धरले नाही. तिथे त्याचा धागा पुष्कळ उशिरा शरद जोशींनी उचलला, आणि १९९४ मध्ये 'स्वतंत्र भारत पक्ष' हे नावच घेतले.

आता दुसरी बाजू. संस्थानिक, जमीनदार आणि बडे शेतकरी यांची या पक्षात दाटी होती, हे नाकारता येणार नाही. स्वातंत्र्य म्हणजे आमच्या जमिनीला हात लावू नका, एवढाच त्यांतल्या अनेकांचा अर्थ. १९७१ मध्ये पक्ष ८ जागांवर आला, १९७२ च्या डिसेंबरात राजाजी गेले, आणि १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

पुढे १९९१ साली परवान्यांचे जंगल बरेचसे तोडले गेले. तेव्हापासून राजाजींना 'द्रष्टे' म्हणायची पद्धत पडली आहे. मला हे कौतुक फार पुरेसे वाटत नाही. कारण मग राजाजी म्हणजे एक जुना अर्थतज्ज्ञ, ज्याचे म्हणणे मान्य झाले आणि ज्याची फाइल बंद झाली. ती बंद झालेली नाही. का ते पाहण्यासाठी राजाजींची भाषणे बाजूला ठेवून त्यांचा कारभार पाहावा लागतो. तिथे या तत्त्वाचा पहिला गुन्हेगार खुद्द राजाजीच सापडतात.

१९३८ साली मद्रास प्रांताचे प्रमुख असताना त्यांनी सव्वाशे माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची केली. हेतू चांगला होता, राष्ट्रीय होता. विरोध झाला तेव्हा इंग्रजांनी सत्याग्रहींसाठी वापरलेलाच कायदा त्यांनी निदर्शकांवर वापरला. नटराजन आणि तालमुत्तू हे दोन तरुण कैदेत असताना मरण पावले. १९४० मध्ये, राजाजींचे मंत्रिमंडळ गेल्यावर, गव्हर्नरने ती सक्ती मागे घेतली. याच राजाजींनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस हिंदी ही एकटीच राजभाषा करायला कडाडून विरोध केला. टीकाकार म्हणाले, म्हातारा उलटला. मला वाटते, म्हातारा शिकला. आपल्या हातात असताना जी सक्ती राष्ट्रकार्य वाटते, तीच दुसऱ्याच्या हातात गेली की काय वाटते, ते त्यांना कळले होते.

भाषेबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला अडचणीची आहे. राजाजी भाषावार प्रांतांच्या विरुद्ध होते. बेळगावच्या माझ्या मित्रांना हे वाक्य रुचणार नाही, आणि त्यांची वेदना खरी आहे. पण बडोद्यातल्या, इंदुरातल्या, हैदराबादेतल्या मराठी माणसाने कोणतीही रेघ कुठेही ओढली तरी तो तिच्या पलीकडेच राहणार होता. आपला प्रश्न रेघ कुठे आहे हा नाही, तर रेघेच्या आतले बहुमत आपल्याशी कसे वागेल हा आहे. बहुमतालाही मर्यादा हवी, हे आपल्यासारख्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

दुसरी चूक १९५३ ची, आणि ती अधिक विचार करायला लावणारी. १९५२ मध्ये राजाजी मद्रासचे मुख्यमंत्री झाले. विधानसभेत काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा होत्या, आणि राजाजी स्वतः निवडून न येता, राज्यपालांच्या नियुक्तीने विधान परिषदेवर आले. (घटनात्मक संकेतांचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाला हे कसे चालले, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.) आल्याबरोबर त्यांनी धान्यावरची नियंत्रणे उठवली. सगळे घाबरले होते, पण धान्य बाजारात आले. या यशाने धीर चढला असावा. पुढच्याच वर्षी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी नवी योजना आणली. शाळा दोन पाळ्यांत भरायची, मुलांनी तीनेक तास शिकायचे आणि उरलेल्या वेळात घरच्या धंद्यात हात घालायचा. पैसा थोडा, शिक्षक थोडे, मुले फार. हिशेबाने योजना चुकीची नव्हती, आणि पारुळेकर समितीनेही ती उचलून धरली.

पण घरचा धंदा म्हणजे बापाचा धंदा, आणि बापाचा धंदा म्हणजे जात. चांभाराच्या मुलाने दुपारी चामडे कापायचे, तर वकिलाच्या मुलाने काय करायचे? पेरियार आणि द्रमुक यांनी योजनेला 'कुलकल्वी', कुळाचे शिक्षण, असे नाव दिले आणि त्या एका नावाने ती संपली. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले, कामराज आले, त्यांनी योजना रद्द केली.

आता सयाजीरावांकडे येऊ. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बाप नको म्हणाला तरी पोराला, आणि पोरीलाही, शाळेत पाठवावे लागे. इथे बसलेल्या आपल्यापैकी किती जणांच्या आज्या-पणज्या त्या सक्तीमुळे अक्षर ओळखू लागल्या! कार्यवाहांचा प्रश्न हाच होता, आणि मी त्यापुढे मान तुकवतो. कुटुंब सरकारहून शहाणे असते हे राजाजींचे म्हणणे सगळ्या कुटुंबांना लागू पडत नाही. मुलीच्या शिक्षणाच्या बाबतीत तर त्या काळी फारच थोड्यांना लागू पडत होते.

तरीही याच महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी केली, तेव्हा लोक दंड भरून लग्ने लावत राहिले. शाळेच्या सक्तीने माणसाच्या हाती नवे काहीतरी दिले, ते लोकांना पुढे स्वतःचे वाटले. बालविवाहबंदी समाजाला पटायला पुढची काही दशके जावी लागली. राजाजींची शाळा-योजना या दोन्हींपेक्षा वेगळी होती. तिने दार उघडले नाही, आधीच अर्धवट उघडलेले दार पुढे लोटले, आणि ज्यांचे आयुष्य त्यामुळे बदलणार होते त्यांना विचारलेही नाही. सरकारला आपल्याहून जास्त कळते, असे मानणाऱ्यांवर ज्याने पुढे पक्ष उभारून टीका केली, त्याने तेव्हा नेमके तेच मानले होते. म्हणून मला त्यांचे तत्त्व त्यांच्या यशापेक्षा या अपयशात जास्त पटते.

दारूबंदीचे मात्र मला कोडेच आहे. १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात त्यांनी ती सुरू केली, आणि १९७१ मध्ये तामिळनाडूत ती उठणार असे दिसताच नव्वदी ओलांडलेले राजाजी भर पावसात करुणानिधींच्या घरी विनवायला गेले. सगळ्या परमिटांचा शत्रू, पण हे एक परमिट त्यांना हवे होते. आपल्या गुजरातेत बाकीची परमिटे गेली आणि हेच तेवढे राहिले, हे पाहून ते हसले असते की खूश झाले असते, कोण जाणे.

त्यांच्या पक्षाची एक गोष्ट आज कोणाला आठवत नाही. पक्षाच्या एकवीस तत्त्वांत अखेरचे असे होते की, मूलभूत तत्त्वे सोडून इतर प्रश्नांवर सभासदाला आपल्या मताप्रमाणे बोलण्याची मोकळीक राहील. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीनंतर आपला खासदार पक्षाच्या आदेशाबाहेर मत देऊ शकत नाही, दिले तर जागा जाते. मोकळीक ठेवली की फाटाफूट होते, हे खरे. पण बहुमताला संसदेत कोणी अडवायचे, तर त्या बहुमतातल्याच चार विवेकी माणसांनी, हा मार्ग आपण आपल्या हाताने बुजवला. परवानगीचे राज्य कारखान्यातून उठले आणि सभागृहात जाऊन बसले.

आणि आपल्याही घरात ते येऊ पाहते आहे. ग्रंथालयाचे छप्पर गळते, हे आपण जाणताच. सरकारी अनुदानाचा अर्ज मागवून ठेवला आहे. त्यात एक कलम आहे की, वार्षिक कार्यक्रमांची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागेल. समितीतले काहीजण म्हणतात, त्यात काय एवढे, आपण कोणते बंड करणार आहोत? दुसरे म्हणतात, सभासदांची वर्गणी वाढवू आणि पत्रे आपणच घालू. हिशेबनीस म्हणतात, दुप्पट वर्गणीने निम्मे सभासद जातील, आणि ते बहुधा बरोबर आहेत. राजाजींचा इतका अभ्यास करूनही मी गेल्या बैठकीत मत दिले नाही, हे कबूल करतो. पेढ्यांचा पुडा आठवत होता, आणि भिजलेल्या पुस्तकांचा वासही येत होता.

पुढची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आहे. वाचकहो, हे छापून आपल्या हाती पडेपर्यंत ती होऊन गेलेली असेल. आता समोर बसलेल्यांनी मात्र जरूर यावे.