वळिवड्याचे पोलिश आणि त्यांची सुटलेली गावं



हातभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या कशा झिजवतात, हे खामगाव तालुक्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. पोलिश आणि युक्रेनी या दोन शेजाऱ्यांच्या वैराच्या मुळाशीही जमीनच होती.

इतक्या लांबच्या लोकांविषयी आज बोलतो आहे ते कोल्हापूरजवळच्या वळिवड्यामुळे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, असं एक पोलिश गावच पंचगंगेच्या मुलखात वसलं होतं. हे लोक हिटलरच्या तावडीतून निसटून आले, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. पण त्यांना घराबाहेर काढलं ते सोव्हिएत सत्तेनं. १९४० आणि १९४१ साली पोलंडच्या पूर्व भागातून मालगाड्यांत कोंबून त्यांना सायबेरिया आणि कझाकस्तानला नेलं. तिथून सुटका झाल्यावर ते इराणमार्गे भारतात आले.

या पूर्व भागात, विशेषतः व्होल्हिनियात, खेड्यापाड्यांतून युक्रेनी शेतकऱ्यांची वस्ती मोठी. जमीनदार मात्र पोलिश. जमीनदार कॅथलिक, कूळ ऑर्थोडॉक्स. १६४८ साली ख्मेल्नित्स्कीच्या नेतृत्वाखाली युक्रेनी कोसॅक लढवय्ये पोलिश सत्तेविरुद्ध उठले, तेव्हापासूनची ही धग. पुढे १ नोव्हेंबर १९१८ ला युक्रेनी सैनिकांनी शेजारच्या पूर्व गॅलिशियातलं ल्विव्ह शहर ताब्यात घेतलं आणि गल्लोगल्ली लढाई जुंपली. पोलिश बाजूनं शाळेतली पोरंसुद्धा बंदुका घेऊन उतरली. १९१९ च्या जुलैत युक्रेनी फौज हरली. लगेच १९२० साली पोलंडचे नेते पिल्सुद्स्की आणि युक्रेनी नेते पेतल्युरा हे कालचे शत्रू रशियाच्या बोल्शेविकांविरुद्ध एकत्र आले, कीव्हपर्यंत पोचलेही. पण पोलंड आणि बोल्शेविकांनी १९२१ साली केलेल्या रिगा तहात युक्रेनच्या वाट्याला काहीच आलं नाही.

खरी चूक त्यानंतर झाली, असं मला वाटतं. पोलिश सरकारनं निवृत्त सैनिकांना याच पूर्व भागात जमिनी दिल्या. शेजारचा युक्रेनी शेतकरी एकरभर तुकड्यासाठी तडफडत असताना परका सैनिक येऊन शेत कसू लागला. १९३० साली पोलिसांनी आणि लष्करानं युक्रेनी गावांवर छापे घातले, सहकारी दुकानं उद्ध्वस्त केली. गावोगावच्या तरुणांना जहाल संघटनेकडे जायला आणखी काय हवं होतं? फेब्रुवारी १९४० मध्ये सोव्हिएतांनी पहिल्यांदा उचलली ती याच सैनिक-शेतकऱ्यांची कुटुंबं. त्यांतली काही पुढे वळिवड्याला पोचली.

आणि वळिवड्याची छावणी वसत होती त्याच वर्षी मागे राहिलेल्या मुलखात काय घडलं? ११ जुलै १९४३, रविवार. लोक प्रार्थनेला चर्चमध्ये जमलेले असताना युक्रेनी बंडखोर सेनेनं एकाच दिवशी अनेक पोलिश गावांवर हल्ला केला. कुऱ्हाडी, विळे, शेतातली दाताळी, जे हाताला लागलं ते हत्यार झालं. व्होल्हिनिया आणि पूर्व गॅलिशियात मिळून ५० हजार ते १ लाख पोलिश मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सूड म्हणून पोलिशांनीही हजारो युक्रेनी मारले. त्यातही शेजाऱ्याला जीव धोक्यात घालून लपवणारे युक्रेनी होते, हे विसरता कामा नये.

आपलं वऱ्हाडही १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर कित्येक दशकं निजाम आणि मराठे अशा दोन धन्यांना वसूल देत राहिलं. रयत पिळली गेली, पण लढले ते फौजेचे लोक. व्होल्हिनियात शेजारीच शेजाऱ्यावर धावून गेला. म्हणून ती जखम इतकी वर्षं भरली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरहद्द सरकली. वळिवड्याच्या अनेकांची गावं सोव्हिएत युक्रेनमध्ये गेली. परत जायला घर उरलं नाही म्हणून पुष्कळांनी इंग्लंडची वाट धरली. इकडे १९४७ साली पोलंडनं आपल्या हद्दीतल्या सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनी आणि त्यांच्या जवळच्या लेमको लोकांना घरांतून उठवून उत्तर-पश्चिमेला विखरून टाकलं. तेही बेघरच झाले, आणि त्यांच्या दुःखाला वळिवड्यासारखं आपुलकीचं ठिकाण मिळालं नाही.

२०२२ साली रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा याच पोलंडनं लाखो युक्रेनी बायका-मुलांना सरहद्दीवरून आत घेतलं, घरात ठेवून घेतलं. तरी मृतांचा प्रश्न मिटला नव्हता. व्होल्हिनिया आणि पूर्व गॅलिशियातल्या सामूहिक कबरी उकरायची परवानगी पोलंड वर्षानुवर्षं मागत होता. अखेर २०२५ च्या वसंतात पश्चिम युक्रेनमधल्या पुझ्निकी या नामशेष गावात उत्खनन झालं आणि पोलिशांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. पोलंडमधल्या युक्रेनी कबरींचीही अशीच कदर व्हावी, अशी युक्रेनची मागणी आहे, आणि ती रास्त आहे.