वसुबारसेच्या कहाणीतील आई

(वसुबारसेनिमित्त अकोला येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करीत आज येथे आलो. सोयाबीन निघाले आहे, कपाशी फुटू लागली आहे. शेते भरलेली दिसली. गुरांचे कोठे मात्र रिकामे. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली आणि तिच्यामागे गायही गेली. शहरातील भगिनी आता गोरक्षणात जाऊन गाय-वासराला ओवाळतात. तेही चांगलेच आहे. परंतु ओवाळून झाल्यावर जी कहाणी सांगायची, ती किती घरी सांगितली जाते?

कहाणी आपणांस ठाऊक आहे. म्हातारी शेतावर निघाली. जाताना सुनेला म्हणाली, गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेव. तिच्या मनात गहू आणि मूग. गोठ्यातील वासरांची नावेही तीच! सून भोळी, सासूचा शब्द मोडायचा नाही, एवढेच जाणणारी. तिने वासरे कापून शिजविली. म्हणून आजच्या दिवशी गहू-मूग खात नाहीत, एवढे आपण लक्षात ठेवले.

मला त्यानंतरचा प्रसंग मोठा वाटतो. पानावर वाढलेले पाहून म्हातारी हादरते, तरी सुनेवर हात उगारीत नाही. ती देवापुढे बसते. सुनेला क्षमा कर, आणि संध्याकाळपर्यंत वासरे जिवंत झाली नाहीत तर मी प्राण देईन, असे म्हणते. संध्याकाळच का? कारण तेव्हा गाई रानातून परततात. गाय दाराशी येऊन हंबरेल, तेव्हा तिला काय उत्तर द्यावे, याचे तिला भय आहे. कहाणीतील वासरे उड्या मारीत येतात. व्यवहारात तसे घडत नाही.

पूर्णाकाठच्या आमच्या गावी मी लहानपणी पाहिले आहे. म्हशीची वगार दगावली. म्हैस आटू नये म्हणून गड्याने वगारीच्या कातड्यात कुटार भरले आणि ते तिच्यापुढे उभे केले. म्हैस ते चाटू लागली आणि तिला पान्हा फुटला. आमचे घर त्या दुधावर चालत होते. गड्याला मी निष्ठुर म्हणणार नाही. पण आजीने त्या दुधाचा चहा घेतला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. विचारले तर बोलली नाही. पुष्कळ वर्षांनी आईकडून कळले की, आजीची दोन लेकरे पाळण्यातच गेली होती.

गाय असो वा बाळंतीण, मराठीत पान्हा हा शब्द दोघींना एकच आहे. ‘वात्सल्य’ शब्दाच्या मुळाशी तर वत्स, म्हणजे वासरूच आहे. आईची माया सांगायला आपल्या पूर्वजांना शब्द सापडला तो गोठ्यात! आजचे शरीरशास्त्र सांगते की, पिल्लू लुचू लागले की दोघींच्याही देहात ऑक्सिटोसिन हेच संप्रेरक स्रवते आणि दूध उतरते. त्याचीच इंजेक्शने टोचून काही ठिकाणी वासरावाचून दूध काढतात, तो विषय वेगळा.

वाटेत मूर्तिजापूर लागले तेव्हा गाडगेबाबांची आठवण झाली. १८७६ साली शेंडगावी जन्मलेला डेबूजी त्याच तालुक्यातील दापुऱ्यास मामाकडे वाढला, तो गुरे राखीत. पुढे मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे बकरे कापायचे आणि दारू पाजायची, तर त्यांनी गोड जेवण घातले. घरी लेकरू जन्मले म्हणून दुसऱ्या मायचे लेकरू मारायचे, हे गुरांमागे वाढलेल्या बापाला कसे पटावे? असे मला आपले वाटते. पुढे कीर्तनांतूनही त्यांनी पशुहत्येवर कोरडे ओढले.

काल रात्री अमरावतीत पुतणीच्या सहा वर्षांच्या मुलीला ही कहाणी सांगितली. वासरे जिवंत होऊन आली, गाय त्यांना चाटू लागली, येथे मी थांबलो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, वासरं मेली होती हे गाईला कुणी सांगितलं नाही ना?”

मी म्हटले, “नाही.”

तेव्हा ती झोपली.